मोठीचं माहेर

माझ्या माहेरी लग्न निघालं की पहिली सवाष्ण मोठीच्या नावाने जेवते. देवक बसायच्या आधी तिला पाटावर बसवतात, पुरणाचं जेवण वाढतात, खणानारळाने ओटी भरतात. ही मोठी कोण, असं मी लहानपणी आजीला विचारलं, तेव्हा तिने देवघरातल्या चांदीच्या टाकाकडे बोट दाखवलं. माझ्या पणजोबांची सख्खी आई. ते चालायला लागले नव्हते तेव्हाच ती गेली. मग खापरपणजोबांनी दुसरं लग्न केलं, ती धाकटी. धाकटीचं नाव, तिचं माहेर, तिचे भाऊ, तिच्या हातचे सांडगे, सगळं घराला ठाऊक होतं. मोठीचं नाव काय, म्हटल्यावर आजी थांबली. "मोठीच म्हणायचे गं सगळे."

पुढे घराण्याची वंशावळ छापली गेली आणि मोठी त्यातून पुरतीच गेली. खापरपणजोबांच्या नावाखाली एकच पत्नी, धाकटी, आणि चारही मुलगे तिच्याच पोटी दाखवलेले. पणजोबासुद्धा. त्या वंशावळीत माझ्या भावांची नावं आहेत, माझं नाही. मुली त्यात घेतलेल्याच नाहीत.

तुमच्याकडे वंशावळ असेल तर आज काढून बघा. इंग्रजी अमलातल्या, म्हणजे साधारण 1818 ते 1947 या काळातल्या किती बायकांची नावं त्यात आहेत, ते मोजा. जिथे नाव आहे तिथे माहेरचं आडनाव आहे का, गाव आहे का, तेही बघा. बहुतेक घरांत 'सौ.', 'प्रथम पत्नी' किंवा नुसती रेघ मिळेल. माझी विनंती अशी, की ती रेघ तशीच सोडून देऊ नका. ही बाई सापडू शकते. मात्र शोध जिथून आपण नेहमी सुरू करतो तिथून करून चालत नाही. आपण तिला नवऱ्याच्या कागदांत शोधतो, आणि तिथे तिला जागाच नव्हती.

आधी अडचण नीट समजून घेऊ. लग्नात ताटातल्या तांदळात सासरचं नाव लिहिलं की माहेरचं नाव संपायचं. कल्याणला 1865 साली जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणूनच आपल्याला माहीत आहे. गोखल्यांची मनू पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली. यांनी स्वतः किंवा इतरांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवलं म्हणून दोन्ही नावं उरली. तुमच्या-माझ्या खापरपणजीचीही दोन नावं होती. त्यातलं एक माहेरच्या तोंडी राहिलं, दुसरं सासरच्या, आणि सासरीसुद्धा तिला कुणी नावाने हाक मारत नसे. नवरा 'अगं' म्हणायचा, दीर वहिनी म्हणायचे, मुलं काकू, जिजी, बय, आक्का असं काहीबाही म्हणायची. पुष्कळ घरांत मुलं स्वतःच्या आईला काकू म्हणत, कारण चुलतभावंडं तसं म्हणत. तेव्हा घरातल्या पत्रात 'काकू' दिसली तर ती काकूच असेल असं धरू नका.

शोधाची पहिली पायरी म्हणजे घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसणं. पुरुषांना मागाहून विचारा. आजोबा जमिनीचे वाद सांगतील, कोण कुठे मामलेदार होता ते सांगतील. बाळंतपणात कोण गेली, कुणाचे दागिने कुणाच्या सुनेला घातले, कुणाच्या माहेरचे लोक भांडून परत गेले, हे बायकांना माहीत असतं. त्यांना थेट 'तिचं नाव काय' असं विचारू नका. 'नाही बाई आठवत' म्हणून त्या विषय मिटवतील. सवाष्ण कुणाच्या नावाने घालता, बोडण कधीपासून आहे, ही नथ कुणाची, पणजोबांना आजोळ कुठलं होतं, मुंजीत मामा म्हणून कोण उभं राहिलं, असं विचारा. आजोळ हा शब्द फार उपयोगी पडतो. बायकोचं माहेर विसरलं जातं, पण त्याच गावाला मुलाचं आजोळ म्हटलं की आठवतं. तो सुट्टीत तिथे गेलेला असतो, तिथल्या विहिरीत पोहलेला असतो, आणि ते त्याने आपल्या मुलांना शंभरदा सांगितलेलं असतं.

मग माळ्यावर चढा. तांब्यापितळेची भांडी उतरवा आणि चिंचेने घासून उजेडात धरा. घंगाळ, परात, कळशी, तांब्याची काठाखालची बाजू बघा. लग्नात माहेरहून आलेल्या भांड्यांवर नाव कोरून घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यावर देणाऱ्याचं नाव असतं, कधी गावाचं आद्याक्षर असतं, कधी शके. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. शके 1790 म्हणजे 1868. आमच्या माळ्यावर एक घंगाळ निघालं. त्यावरचं आडनाव आमचं नव्हतं, धाकटीच्या माहेरचंही नव्हतं. इतकी वर्षं त्यात पाणी तापलं, पण ते अक्षर कुणी वाचलं नव्हतं.

आता ज्या कागदाने मला सगळ्यांत जास्त दिलं त्याविषयी जरा सविस्तर सांगते, कारण तो पुष्कळ घरांत असतो आणि निरुपयोगी म्हणून टाकला जातो. तो म्हणजे श्राद्धाची यादी. भटजींना ऐनवेळी नावं सांगता यावीत म्हणून घरचा कर्ता पुरुष ती वहीत लिहून ठेवत असे. तर्पणात बाप, आजा, पणजा येतात, तशाच आई, आजी, पणजीही येतात, आणि बायकांची नावं घेतल्याशिवाय तो विधी पुरा होत नाही. वंशावळीत नसलेली बाई श्राद्धाच्या यादीत हमखास असते. तिथे नावाला 'दा' जोडलेला असतो, तो नावाचा भाग समजू नका. सावत्र आई असेल तर तिलाही 'सापत्नमाता' म्हणून पाणी देतात. म्हणजे यादी कुणी लिहिली हे कळलं, तर त्याची सख्खी कोण आणि सावत्र कोण, हा घोळ एका ओळीत सुटतो.

त्यापुढे मातामहत्रयी असते. म्हणजे यादी लिहिणाऱ्याच्या आईचे वडील, आजोबा आणि पणजोबा. तेही गोत्रासह. नीट लक्षात घ्या, एखाद्या बाईच्या मुलाने लिहिलेली श्राद्धाची यादी मिळाली तर तिच्या माहेरच्या तीन पिढ्यांची नावं आणि गोत्र हाती येतं. फक्त आडनाव नसतं, कारण संकल्पात आडनाव लागत नाही. पण विशिष्ट गोत्र आणि ओळीने तीन नावं एवढ्यावर दुसऱ्या घराण्याच्या छापील कुलवृत्तान्तात ती जागा शोधता येते. माझ्या पणजोबांची वही मोडीत होती. त्यात त्यांनी मातामहत्रयी लिहिली होती, आणि ती नावं धाकटीच्या माहेरची नव्हती. आईच्या श्राद्धापुढे 'नवमी' असं लिहिलं होतं. भाद्रपद वद्य नवमी, अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीची तिथी. आजीच्या टाकाची कथा खरी होती, हे पहिल्यांदा कागदावर दिसलं ते त्या दिवशी.

आणि आईचं नाव? त्या पानाचा तो कोपरा कसरीने खाल्ला आहे. पुढे 'दा' तेवढा उरला आहे.

मोडीची भीती बाळगू नका. 1950च्या सुमारापर्यंत आपल्याकडचे व्यवहार या लिपीत चालत होते, आणि महिना-दोन महिने चिकाटीने बसलं तर नावं वाचण्याइतकी मोडी येते. राज्याचा पुराभिलेख विभाग तिचे वर्ग घेतो. जुन्या कागदांत बाईचं नाव कसं येतं हेही माहीत असावं लागतं. 'गंगा भ्र. रामजी' यातला भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. 'सखू कोम गणू' म्हणजे गणूची बायको सखू. कुठे 'मर्द' असतं, वऱ्हाड-नागपूरकडे 'जौजे' असतं. 'बिन' किंवा 'वलद' आलं तर पुढे बापाचं नाव. म्हणून बाईच्या नावापुढे बिन दिसलं की थांबा. तिथे बापाचं नाव मिळतं आहे, आणि तेच आपल्याला हवं आहे. दस्ताच्या खाली शेतकरी पुरुषाची निशाणी नांगराची असते आणि बाईची बांगडीची. बांगडी दिसली की त्या कागदात बाई आहे, हे वाचता येत नसलं तरी कळतं.

सरकारी दप्तरात बाई कधी येते? ती मेली की, आणि विधवा झाली की. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण शोधाला ते कामाचं आहे. मृत्यूसाठी गावाचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर 14 बघा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात मिळतात आणि ही बुकं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदी शोधायला ही बुकं राज्यभर उघडली गेली. लोकांनी त्यांत आजा-पणजाची जात शोधली. त्याच पानांवर मेलेल्या बायकांची नावं, वयं आणि मृत्यूची कारणंही होती. तुमच्या घरच्या कुणी त्या वेळी नक्कल काढली असेल तर ती पुन्हा हातात घ्या आणि या वेळी बायकांच्या ओळी वाचा.

तिथी ठाऊक असेल आणि साल नसेल तर दुष्काळ आणि साथी आठवा. 1876 ते 1878चा दुष्काळ, 1896ला मुंबईत शिरलेला आणि पुढच्या वर्षी पुणं पोखरणारा प्लेग, 1899-1900चा दुष्काळ, 1918चा इन्फ्लुएन्झा. त्या तापाने ऐन तरुण माणसं नेली आणि गरोदर बायका तर फार नेल्या. घरात एखादा बिजवर 1919 साली पुन्हा बोहल्यावर चढलेला दिसला तर 1918चं बुक आधी मागा. निजामाच्या मुलखातले कागद असतील तर तिथे फसली साल असतं, त्यात 590 मिळवायचे.

विधवेचे कागद जमिनीत असतात. 1937च्या कायद्याआधी मुलगा असताना विधवेला वारसा नव्हता, म्हणून मुलगे असलेल्या बाईचं नाव फेरफारात बहुधा सापडत नाही. ज्यांना मूल नव्हतं त्या मात्र दिसतात. वारस म्हणून दिसतात, दत्तकपत्रात दिसतात, अन्नवस्त्राच्या दाव्यात दिसतात. दाव्यात तिच्या बाजूने साक्ष द्यायला बहुतेक वेळा कोण येतो? तिचा भाऊ. त्याची जबानी सुरूच होते ती त्याच्या नावाने, बापाच्या नावाने आणि गावाने. म्हणून निःसंतान चुलत खापरपणजी सोडून देऊ नका. तिचा कागद मिळाला तर त्या काळी या घराच्या सोयरिकी कोणत्या गावांशी जुळत होत्या ते कळतं, आणि लग्नं बहुधा त्याच चार-सहा गावांत फिरत असत.

ज्यांच्या घरी कुलवृत्तान्त नाही, श्राद्धाची वही नाही, त्यांना हा शोध आपला नाही असं वाटू शकतं. तसं मुळीच नाही. 1874च्या वतन कायद्याखाली ठेवलेल्या नोंदींत पाटील-कुलकर्ण्यांच्या जोडीने महार वतनदारांच्याही वंशावळी आहेत, आणि 1958च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली तेव्हा वारसांचे कागद पुन्हा एकदा झाले. मराठा आणि कुणबी घरांत देवक कामाला येतं. नवरा-बायकोचं देवक एक चालत नाही, म्हणजे त्याच देवकाची घरं तिथेच गळतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे वंशावळी सांगणारे हेळवी येतात, त्यांच्याकडची घराची वंशावळ शिधा देऊन पूर्ण वाचून घ्या आणि पाटाच्या, म्हणजे पुनर्विवाहाच्या बायकोचंही नाव विचारा. कुणी पलटणीत होतं आणि महायुद्धात गेलं असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत काही शिपायांच्या नावापुढे बायकोचं नाव आणि तिचं गाव लिहिलेलं आहे. वसईच्या आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत, त्यांत मुलाच्या आईचं नाव असतं. गोव्यात 1870 पासून पोर्तुगीज दिवाणी संहिता लागू झाली. तिच्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरली, म्हणून जमीन विकताना बायकोची संमती लागायची. गोव्याच्या दस्तांत बाई सही करताना भेटते.

मॉरिशसचं मला फार वाटतं. रत्नागिरीकडून आणि आसपासच्या भागांतून मराठी माणसं एकोणिसाव्या शतकात तिथल्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेली. त्यांत बायकाही होत्या. प्रत्येकीला नंबर मिळाला, आणि नोंदवहीत तिचं नाव, वय, गाव, बापाचं नाव लिहिलं गेलं. 1860च्या दशकापासून पुढे फोटोही काढले. या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि मॉरिशसची मराठी माणसं त्यावरून इकडची गावं शोधत येतात. सरकारने त्या वह्या मजुरांवर नजर ठेवायला केल्या, त्यात माया नव्हती. तरी ज्या बाईला पोटासाठी समुद्र ओलांडावा लागला तिच्या बापाचं नाव आज मिळतं, आणि वाड्यात राहिलेल्या माझ्या खापरपणजीचं स्वतःचं नाव मिळत नाही.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्या सगळ्यांना माहीत आहेत. त्र्यंबकेश्वर, पंचवटी, पंढरपूर, काशी, गया. लोक तिथे जाऊन आपल्या आडनावाची वही मागतात आणि बापजाद्यांच्या सह्या बघून गहिवरतात. तुम्ही जाल तेव्हा दुसरी वहीही मागा, हरवलेल्या बाईच्या माहेरच्या आडनावाची. विधवा बहीण भावाबरोबर यात्रेला गेली असेल तर तिची नोंद त्या वहीत असू शकते. सासरच्या वहीत ती नोंद मिळणार नाही.

आता एका चुकीबद्दल. ती इतकी सहज होते की आमच्या छापील वंशावळीतही झाली. माहीत असलेल्या बायकोच्या नावाखाली सगळी मुलं घालून टाकायची. महर्षी धोंडो केशव कर्वे म्हटलं की आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे आठवतात. पण त्यांचं लग्न 1893चं, आणि रघुनाथ धोंडो कर्वे जन्मले 1882 साली. त्यांची आई राधाबाई, 1891 साली वारल्या. इतक्या प्रसिद्ध घराविषयीही तारखा बघितल्या नाहीत तर आपण चुकू. म्हणून मुलांची जन्मसालं ओळीने मांडा. दोन मुलांत आठ-दहा वर्षांची पोकळी दिसली, किंवा पहिल्या मुलाच्या वेळी आईचं वय अकरा येत असलं, तर मध्ये एक बाई हरवली आहे असं समजा.

आणि पुरावा नसेल तर नाव घालू नका. 'बहुतेक राधा असावी' असं कुणी म्हणालं की पुढच्या छपाईत 'बहुतेक' गळतं आणि राधा पक्की होते. मग खरं नाव शोधायला कुणी जात नाही. रिकामी जागा ठेवा, शेजारी काय मिळालं आणि कुठून मिळालं ते लिहा. वाटेत पाट लागेल, मोहतूर लागेल, घरात ठेवलेली बाई लागेल, तिची मुलं लागतील. तेही लिहा. ज्या घरांनी हे खोडलं, त्यांनी एका बाईला दोनदा घालवलं. घरातलं कुणी दुखावणार असेल तर त्याच्याशी आधी बोला, पण खोडू नका.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहिणं सरकारी कागदांवर आवश्यक झालं आहे. आजच्या बाळांच्या नातवंडांना हा शोध करावा लागणार नाही. मागच्या पिढ्यांसाठी मात्र कुठला कायदा येणार नाही. ज्यांनी त्या बायकांची नावं कानांनी ऐकली त्या आज्या आता नव्वदीला आल्या आहेत. माझी आजी गेली तेव्हा माझ्याजवळ विचारायचे प्रश्न नव्हते, ते नंतर सुचले. तुम्हाला ते आज ठाऊक आहेत, म्हणून एवढं सगळं लिहिलं.

मोठीबद्दल आज माझ्याकडे एवढं आहे: वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव, गोत्र, नवमी, आणि घंगाळावरचं आडनाव. त्या आडनावाची त्याच गोत्राची घरं दोन गावांत आहेत. एका गावच्या घराने वही दाखवली, तीत ती नावं नाहीत. दुसऱ्या घरी फोन केला तेव्हा तिथल्या सुनेने सांगितलं, आमच्याकडे मुलींची नावं कुणी लिहिली नाहीत, पण आमच्या आत्या भाऊबीजेला येतात, त्यांना जुनं पुष्कळ माहीत आहे.

तुमच्याही घरी भाऊबीजेला आत्या येतील, घरच्या मुली येतील. वर्षातून एकदा एवढ्या बायका माहेरी एकत्र बसतात. ओवाळणं झालं, फराळ झाला की त्यांच्यासमोर एक कोरी वही ठेवा आणि विचारा, आपल्या घरातून दिलेल्या मुली कोणकोणत्या, आणि त्या कुठे दिल्या. तुमच्या वहीत जी लेक सापडेल, ती दुसऱ्या कुणाच्या घरी हरवलेली खापरपणजी असेल. ते लोक फोन करतील तेव्हा त्यांना सांगायला ती वही हाताशी असू द्या. मी त्या दुसऱ्या गावाला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जाते आहे. घंगाळ गाडीत घालून नेणार आहे.